काटा वर येत नाही

गाडी काळा धूर सोडायला लागली त्या हिवाळ्यात मी चार जणांशी भांडले. वरच्या मजल्यावरच्या अंकलशी, दोन मेकॅनिकांशी आणि बाबांशी. पहिल्या तिघांचं सोडा, त्यांची थोडीफार तरी चूक होती. चौथ्या माणसाची काडीचीही चूक नव्हती, आणि सगळ्यात जास्त मी त्यांनाच बोलले.

गाडी बाबांची. चौदा वर्षांची, पांढरी, पुढचा बंपर एका बाजूने जरा लोंबणारा. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. मी चौथीत असताना त्यांची बदली जयपूरला झाली. तीन वर्षांनी परत साताऱ्याला जायचं असं ठरलं होतं, ते आम्ही अजून जातोय. आई गेली, भाऊ पुण्याला स्थायिक झाला, आणि वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये आता मी आणि बाबा असे दोघंच. मी सीतापुऱ्यात एका कपड्यांच्या एक्सपोर्ट युनिटमध्ये कामाला आहे. क्वालिटी बघते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी घातलेल्या टाक्यांतल्या चुका शोधते. कंपनीची बस घराजवळून मिळते, त्यामुळे आठवडाभर गाडी बाबांच्याच ताब्यात.

आणि ती त्यांना दर गुरुवारी लागायची. आमेरला त्यांचे एक मित्र राहतात, आमच्या घरात त्यांना आमेरचे काका म्हणतात. नगरकडचे, बँकेतून रिटायर झालेले. मुलगा तिथे छोटं गेस्टहाऊस चालवतो. दोन वर्षांपूर्वी काकांना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यात त्यांची हिंदी गेली. खरंच गेली. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी. चाळीस वर्षं ज्या भाषेत बँकेत काम केलं ती पुसली गेली, मराठी तेवढी राहिली, तीही तुटक. सून इकडचीच. नातवंडांना मराठीतलं 'पाणी' आणि 'आजोबा' एवढंच येतं. मुलगा बोलतो, पण अडखळत. मग काका आठवडाभर गप्प बसायचे आणि गुरुवारी बाबा गेले की दोन तास बोलायचे. बाबा त्यांना जुनं मराठी मासिक वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून त्यातल्या लेखकांना शिव्या घालायचे. येताना बाबांचा चेहरा असा असायचा की जणू तेच बरे होऊन आलेत.

डिसेंबरच्या सुरुवातीला बाबा जेवताना म्हणाले, "गाडीचा काटा वर येत नाहीये."

"कुठला काटा?"

"टेंपरेचरचा. पूर्वी निम्म्यावर यायचा आणि थांबायचा. आता खालीच पडून असतो."

मी म्हटलं, "बाबा, गाडी तापत नाही म्हणजे चांगलंच आहे ना! तापली की तुम्हाला त्रास, नाही तापली तरी त्रास?"

त्यांनी ताट उचलून नेलं. आठवड्याभराने म्हणाले की हीटर गार हवा मारतोय, आमेरला पोचेपर्यंत पाय गारठतात. मी म्हटलं, "वय झालंय तुमचं, थंडी जास्त वाजणारच." आणि त्यांना थर्मल आणून दिलं. जयपूरची थंडी ज्यांना माहीत नाही ते वाळवंटाच्या नावाने हसतात. जानेवारीत इथे सकाळी नळाखाली हात धरवत नाही.

मग पेट्रोलचा वास सुरू झाला. गाडी सुरू केली की पार्किंगमध्ये डोळे चुरचुरायचे. सायलेंसरच्या मागची भिंत काळी पडली. वरच्या अंकलची नवी कोरी गाडी शेजारीच लागते, त्यांनी एक दिवस बोटाने आपल्या बॉनेटवरची काजळी पुसून माझ्यासमोर धरली. म्हणाले, "बेटा, ये गाड़ी है या ईंट का भट्टा?" मी म्हटलं, तुमचा कुत्रा जिन्यात घाण करतो तेव्हा मी बोट घेऊन येते का तुमच्या दारात? झालं. त्या दिवसापासून नमस्कार बंद.

धुराच्या तपासणीची मुदत संपत आली होती म्हणून मी गाडी घेऊन गेले, तर तिथल्या माणसाने नळी सायलेंसरमध्ये घातली, आकडा बघितला आणि नळी अशी झटक्याने बाहेर काढली की जणू साप चावला. फेल. पेट्रोल नीट जळतच नाहीये म्हणाला. जास्त येतंय, आधी ते बघा. सर्टिफिकेट नाही म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची नाही. पुण्याहून भावाचा फोन, "विकून टाक ना ती डबडी." पुण्यात बसून सल्ले द्यायला याचं काय जातंय! उंटावरचा शहाणा, आणि उंट मात्र आमच्याकडे.

मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने प्लग काढले, चारही प्लग काळे कुट्ट, वर मऊ काजळी. "कचरा है मैडम, बदल देते हैं." बदलले. एअर फिल्टर बदलला. आठ दिवस बरं वाटलं आणि नवव्या दिवशी भिंत परत काळी. मी त्याच्याकडे जाऊन तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "तो बड़े वर्कशॉप में दिखा लो." एवढंच. जसं काही मीच त्याच्या पोटावर पाय देत होते.

मोठ्या वर्कशॉपमध्ये एसी केबिन, कॉफीचं मशीन आणि टाय घातलेला मुलगा होता. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला आणि सांगितलं की सायलेंसरजवळचा एक सेन्सर गेलाय. तो बदलला. काही फरक नाही. परत गेले, काउंटरवरच भांडले. आता टायवाला मला बाजूला घेऊन आवाज खाली आणून विचारतो, "मैडम, गाड़ी ज़्यादातर कौन चलाता है?"

"पापा."

"उमर?"

"छिहत्तर."

त्याने मान अशी हलवली की मला सगळं कळावं. वयस्कर लोक सुरू करताना अॅक्सिलरेटर दाबत बसतात, पेट्रोल जास्त जातं, प्लग भिजतात, कळत नाही त्यांना. आणि हे खरं होतं की बाबा दाबतात. किल्ली फिरवायच्या आधी दोनदा पाय दाबायचा ही त्यांची सवय, आधीच्या गाडीपासूनची. मी लहानपणापासून बघत आलेय. दोनदा दाबायचं, एक क्षण थांबायचं, मग किल्ली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगते. बरं वाटलं. इतके दिवस ज्याच्यावर ओरडावं असा माणूस सापडत नव्हता तो सापडला, आणि तो घरातच होता.

घरी येऊन मी जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. पण थोडं लिहिते, कारण नाही लिहिलं तर मी स्वतःला सोडून दिल्यासारखं होईल. मी म्हटलं, "तुमच्यामुळे मी महिनाभर मेकॅनिकांच्या दारात उभी आहे." मी म्हटलं, "तुम्हाला काही लक्षात राहात नाही, परवा गॅस चालू ठेवलात, काल चष्मा फ्रिजमध्ये सापडला, उद्या कुणाच्या अंगावर गाडी घालाल." त्या गॅसचं खरं होतं. चष्म्याचंही खरं होतं. त्याचा गाडीशी काय संबंध होता, हे मला कुणी विचारलं नाही. आणि मी हात पुढे केला. "किल्ली द्या."

ते म्हणाले, "अगं, पण काटा..."

"बाबा, पुरे आता तो काटा!"

त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि दिली. देताना किल्लीच्या रिंगमधून सोसायटीच्या गेटची बारकी चावी वेगळी काढायला त्यांना वेळ लागत होता, नख लागत नव्हतं. मी तीही ओढून घेऊन स्वतः काढून दिली.

त्यांना आमेरला जायला टॅक्सी बोलावून देते म्हटलं. पहिल्या गुरुवारी बोलावली. ड्रायव्हरने दोनदा फोन करून कॅन्सल केलं, बाबा स्वेटर-मफलर घालून अर्धा तास गेटवर उभे राहिले आणि वर आले. परत बोलावू नको म्हणाले. मी म्हटलं, रविवारी मी नेते. आणि रविवारी मला काम निघालं. तिन्ही रविवारी निघालं. काकांच्या मुलाचा फोन आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "जरा दम लागतोय मला, बरं वाटलं की येतो." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बाबांना दम लागत नव्हता. पोरीने किल्ली काढून घेतली हे त्यांना सांगायचं नव्हतं.

त्या दिवसांत ते घरातही दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बसायला लागले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. थंडी फार वाजते म्हणून! रक्त तपासलं, कसल्याशा व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय. बाबा रोज जेवणानंतर ती गोळी निमूटपणे घ्यायचे.

आता गाडी फक्त मी चालवत होते. सर्टिफिकेट नाही तरी चालवत होते, पोलीस दिसला की गल्ली बदलत. कंपनीची बस सोडून रोज सीतापुऱ्याला गाडीनेच. अॅक्सिलरेटर न दाबता, अगदी शिकवल्यासारखी, अलगद. आणि तीन आठवड्यांनी भिंत तशीच काळी, वास तसाच, पेट्रोलची टाकी तशीच भराभर रिकामी. कुठल्याही शहाण्या माणसाला इथे कळलं असतं. बाबा चालवत नाहीत तरी धूर आहे, म्हणजे धूर बाबांचा नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला हे दिसू नये? मी म्हटलं, आधीच बिघडवून ठेवलंय त्यांनी. राग एकदा पाळला की त्याला रोज काहीतरी खायला घालावं लागतं.

शेवटी आमच्या युनिटच्या जनरेटरची देखभाल करणाऱ्या माणसाने मला सांगितलं की मागच्या रस्त्यावर एक म्हातारे उस्ताद बसतात, त्यांना दाखवा. पत्र्याची शेड, एक खुर्ची, भिंतीला टांगलेले पाने. जेवणाच्या सुट्टीत गाडी घेऊन गेले. उस्तादांनी बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, किती लांबून आलात सकाळी?

मी म्हटलं, वैशाली नगर, तासभर लागला.

"आज फिर से चलाके लाइए. आधा घंटा. फिर दिखाना."

माझं डोकं सटकलं. सुट्टी चाळीस मिनिटांची आणि हा मला गाडी फिरवून आणायला सांगतोय! पण गेले. टोंक रोडवर जाऊन आले. परत येते तर उस्ताद खिडकीतून आत वाकले, डॅशबोर्डकडे बघितलं आणि म्हणाले, "हीटर चलाइए."

मी लावला.

"हाथ रखिए."

मी जाळीपुढे हात धरला. गार हवा. नळाच्या पाण्यासारखी गार.

"कब से है ऐसा?"

मी म्हटलं, पापा डिसेंबरपासून म्हणतायत. त्यांना थंडी जास्त वाजते.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. "ठंड उनको नहीं लग रही थी मैडम. गाड़ी को लग रही थी."

मग त्यांनी बॉनेट उघडलं. हातात मावेल एवढं एक छोटं यंत्र गाडीला जोडलं आणि मला आकडा दाखवला. अर्धा तास पळवून आणलेलं इंजिन बावन्न अंशांवर होतं. ऐंशीच्या वर हवं. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि इतक्या साध्या शब्दांत की मला लाज वाटली. इंजिन गार असलं की गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, आणि गरम झालं की कमी करतो. "आपकी गाड़ी के हिसाब से सुबह के छह ही बजे हैं. दिन भर छह ही बजते रहते हैं." म्हणून ती दिवसभर जास्तीचं पेट्रोल पीत होती आणि न जळलेलं काजळी करून बाहेर टाकत होती.

मी विचारलं, आणि सुरू करताना अॅक्सिलरेटर दाबला तर?

ते हसले. "इस गाड़ी में? कुछ नहीं होता. दबाते रहो. पुरानी गाड़ियों की आदत है, बेचारी आदत का क्या कसूर."

मग त्यांनी रेडिएटरच्या मोठ्या नळीशी असलेलं झाकण उघडलं. तिथे एक झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते आणि तापलं की उघडते. उस्तादांनी बोट आत घातलं आणि रिकामं बाहेर काढलं. "वाल्व है ही नहीं इसमें. किसी ने निकाल दिया. यहाँ गर्मियों में सब निकलवा देते हैं, बोलते हैं राजस्थान में क्या ज़रूरत. आपने किससे निकलवाया?"

मी बोलायला तोंड उघडलं, की कुणी नाही, आमच्या घरात असं कोण करेल. आणि तेवढ्यात मला मे महिना आठवला.

मे महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तपासणीहून परत येताना, भर दुपारी, ट्रॅफिकमध्ये गाडी तापली. बॉनेटमधून वाफ. बाबा डोळ्याला काळा चष्मा लावलेले, त्यांना मी पलीकडच्या ज्यूसवाल्याच्या सावलीत नेऊन बसवलं. रस्त्यावरचा मेकॅनिक आला, म्हणाला पंखा बंद पडलाय, तो करून देतो, आणि हा वाल्व पण काढून टाकतो, परत कधी तापणार नाही. मी म्हटलं, "जो निकालना है निकालो भैया, बस जल्दी करो." त्याने काढलेली वाल्वची चकती मला दाखवली, आणि मी ती गटारात फेकून दिली. स्वतःच्या हाताने. बाबांनी गाडीत बसल्यावर विचारलं, काय केलं त्याने? मी म्हटलं, पंखा. कारण वाल्वचं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बनवणाऱ्याने घातलंय ते कशाला तरी घातलंय, आणि घरापर्यंत लेक्चर ऐकावं लागलं असतं. पंखा झाला म्हणून गाडी तापायची थांबली होती. चकती उगाचच गेली. उन्हाळ्यात कळलं नाही, आणि थंडी पडेपर्यंत मी विसरूनही गेले.

ज्यांना काही लक्षात राहात नाही ते बाबा. आणि मी कोण?

उस्तादांनी कुठून तरी तासाभरात नवीन झडप मागवली. बसवली, नवीन पाणी भरलं, प्लग साफ केले, आणि गाडी जरा लांब पळवून आणा म्हणाले. मी हाफ डे टाकला. टोंक रोडला दहा मिनिटांत काटा हलायला लागला. पाव. निम्म्याला आला आणि थांबला, बाबा म्हणाले होते अगदी तिथे. मी हीटर लावला आणि माझ्या पायांवर गरम हवा आली, आणि मी गाडी बाजूला घेऊन मोठमोठ्याने रडले. दुःख कमी आणि चीड जास्त होती त्यात. स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. शेजारून जाणाऱ्या टेंपोवाल्याने हॉर्न दिला तर त्याला काच खाली करून शिवी दिली. येताना धुराची तपासणी केली, त्याच माणसाकडे. पास.

घरी आले तर बाबा गॅलरीत उन्हात बसलेले. दोन स्वेटर, कानटोपी, मांडीवर शाल. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मे महिना, चकती, गटार, खोटं बोलले ते, झडप, काटा, हीटर, अॅक्सिलरेटरने काही होत नाही ते. सगळं. मी म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. पहिल्यापासून माझी."

त्यांनी मांडीवरची शाल बाजूला केली. मग म्हणाले, "म्हणजे मला खरंच गार लागत होतं?"

"हो."

"गाडीतच?"

"हो बाबा. हीटर गार हवाच मारत होता."

त्यांनी कानटोपी काढली आणि हातात धरली. म्हणाले, "मला वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी बिघडलंय. काटा पण मला दिसतोय तसा नसेल म्हटलं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना."

मी ओरडले. होय, त्याही वेळी ओरडले. "मग बोलायचं ना! भांडायचं ना माझ्याशी! इतकी वर्षं ऑफिसात लोकांना सरळ केलंत, मला नाही सांगता आलं?"

"तू इतक्या ठामपणे सांगत होतीस," ते म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत असणार."

 मी किल्ली त्यांच्या शेजारी स्टुलावर ठेवली आणि आत जाऊन चहा टाकला. व्हिटॅमिनच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

गुरुवारी मी बस धरायला निघाले होते. चपला घालत होते तेवढ्यात बाबा त्यांच्या खोलीतून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, एकच स्वेटर, काखेत मासिक. हातात किल्ली. दारापाशी येऊन थांबले. ज्या माणसाने आयुष्यात कुठे जाताना कुणाला विचारलं नाही, आईलाही नाही, जो नुसतं 'येतो' म्हणून जिना उतरायचा, तो माणूस माझ्यासमोर किल्ली दोन्ही हातांत धरून उभा होता.

"जाऊ ना मी?" त्यांनी विचारलं.

"विचारता काय मला!" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्यांनी दार उघडून बघितलं. "जा! काका वाट बघत असतील!"

ते घाबरून भराभर खाली गेले. मी बस सोडून दिली आणि गॅलरीत येऊन उभी राहिले. खाली दार लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला असेल, दोनदा, कारण तेवढा वेळ गेला. मग किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि मागून धूर आला नाही. गेटपाशी ते थांबले, खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं आणि मी मान डोलावायची वाट बघितली. मी मान हलवली, तेव्हा कुठे गेले.